विजेत्यांचे शब्द : येस्पर्सेनच्या ग्रंथाचें परीक्षण

ऑटो येस्पर्सेन (१८६०-१९४३) ह्या डॅनिश भाषापंडिताचा ‘इंग्रजी भाषेची वाढ व रचना’ अशा अर्थाच्या नांवाचा इंग्रजी ग्रंथ १९०५ सालीं लाइपझिग येथें प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दसंपत्ति कोठून आली, कशी वाढली व आज तिची घडण कशी आहे, हें सामान्य वाचकास कळेल अशा रीतीनें सांगणारा हा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षें वाचला जात आहे. भाषाशास्त्राचा ग्रंथ इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत परीक्षणास कां घ्यावा, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर असें कीं, ह्या ग्रंथांत शब्दांस इतिहासाचे साक्षीदार म्हणून उभें केलें आहे. कोणता शब्द कोणापासून घेतला, ह्यावरून कोण राज्य करीत होता व कोण चाकरी करीत होता, हें ग्रंथकार ठरवितात. साक्षीदार पुढें आला म्हणजे त्याची उलटतपासणी करणें प्राप्तच होतें. तेवढ्याच दृष्टीनें आम्ही हा ग्रंथ येथें पाहणार आहों.

ग्रंथाची मांडणी सुटसुटीत आहे. प्रथम अँग्लो-सॅक्सन लोकांची मूळ भाषा, मग स्कँडिनेव्हियन लोकांचा संपर्क, मग फ्रेंच, मग लॅटिन व ग्रीक, आणि शेवटीं इंग्रजीनें स्वतःच्या बळावर केलेली शब्दनिर्मिति, असा क्रम आहे. उदाहरणें विपुल, निवड मार्मिक व भाषा प्रसन्न आहे. पुष्कळ कोशकारांस न साधलेली एक गोष्ट ग्रंथकारांस साधली आहे; ती ही कीं, शब्द हा मनुष्याच्या व्यवहारांतून निघतो, हें त्यांनीं क्षणभरहि दृष्टीआड होऊं दिलें नाहीं. आमचा मतभेद आहे तो त्या व्यवहारावरून काढलेल्या अनुमानांविषयीं, आणि तोहि मुख्यतः फ्रेंच शब्दांच्या प्रकरणापुरता.

ह्या प्रकरणांत एक प्रसिद्ध दाखला येतो. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) ह्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत वाम्बा नांवाचा विदूषक गुर्थ नांवाच्या डुकरें राखणाऱ्यास सांगतो कीं, जनावर जिवंत असून सॅक्सन गुलामाच्या राखणींत असतें तोंवर त्याचें नांव सॅक्सन. तें कापून सरदाराच्या पंक्तीस गेलें कीं नॉर्मन. ऑक्सचें बीफ होतें, काफचें व्हील होतें, स्वाइनचें पोर्क होतें. ही कल्पना मूळ स्कॉटची नव्हे. जॉन वॉलिसनें १६५३ सालच्या आपल्या लॅटिन भाषेंतील इंग्रजी व्याकरणांत ती नमूद केली होती, हें येस्पर्सेन स्वतःच दाखवून देतात. तिला पर्याय म्हणून फ्रेंच पाककलेच्या श्रेष्ठतेचें कारणहि ते सुचवितात. परंतु दोन्ही कारणें देतांना मूळची वस्तुस्थिति गृहीत धरलेली आहे. नॉर्मन काळीं जनावराचें नांव वेगळें व मांसाचें वेगळें, असा भेद होता काय, हाच पहिला प्रश्न आहे, आणि तो कोणी विचारलेला दिसत नाहीं.

तो विचारला असतां वाम्बाचा विनोद टिकत नाहीं. फ्रेंच भाषेंत बीफ, मटन, पोर्क व व्हील ह्यांचे मूळ शब्द जिवंत जनावरास व मांसास सारखेच लागतात, आजहि लागतात. म्हणजे नॉर्मन सरदाराच्या तोंडीं गोठ्यांतलें जनावर व ताटांतलें मांस ह्यांस एकच नांव होतें. इंग्रजींत आल्यावरहि हे शब्द बराच काळ दोन्ही अर्थीं चालत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत बीफचें अनेकवचन ‘बीव्ह्ज’ हें जिवंत गुरांस लाविलेलें आहे; म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईनंतर साडेपांचशें वर्षांनींहि भेद पुरता ठरलेला नव्हता. उलट, गोठ्यांतल्या गुरांचें आजचें सामान्य इंग्रजी नांव जें ‘कॅटल’, तेंच नॉर्मन फ्रेंचांतून आलेलें असून त्याचा पहिला अर्थ मालमत्ता असा होता. कोंकराचें लॅम, माशाचें फिश व हंसाचें गूज हे शब्द सरदाराच्या पंक्तींतहि इंग्रजीच राहिले. ह्यांपैकीं मटन हा शब्द पुढें इंग्रजीवाटे मराठींत येऊन मटण झाला व बहुधा बोकडाच्या मांसास लागला. एवढ्यावरून इंग्रजांनीं आमच्याकडील मेंढ्यांचे बोकड केले, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वाम्बाचें तर्कशास्त्र ह्याहून फारसें वेगळें नाहीं.

आतां काळाकडे पाहूं. कादंबरीचा काळ पहिल्या रिचर्डच्या कारकीर्दींतला, सुमारें ११९४ चा. बीफ, मटन व पोर्क हे शब्द इंग्रजी लेखांत आढळूं लागतात ते १३०० च्या सुमारास. हा विलंब ह्या तीन शब्दांपुरताच नाहीं, हें सिद्ध करणारें साधन येस्पर्सेन यांच्याच ग्रंथांत आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या तोंवर निघालेल्या भागांतून त्यांनीं एक हजार फ्रेंच शब्द घेतले व प्रत्येकाचा पहिला उल्लेख कोणत्या अर्धशतकांतला हें मोजलें. १२०० पर्यंतचे शब्द अवघे २० भरले. १२०१ ते १२५० ह्या काळांतले ६४; आणि १२५१ ते १४०० ह्या दीडशें वर्षांतले ४२७. आमच्या मतें संपूर्ण ग्रंथांत ह्या कोष्टकाइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं. परंतु ग्रंथकारांनीं तें मांडून बाजूस ठेविलें आणि राज्यकारभार, न्याय, युद्ध, धर्म व पाकशाळा असे शब्दांचे वर्ग पाडून विजेत्यांच्या वर्चस्वाचें जुनेंच चित्र पुन्हां रंगविलें, ही आमची मुख्य तक्रार आहे.

कोष्टकाशेजारीं राजकीय इतिहासाच्या तारखा ठेवून पाहाव्या. १०६६ सालीं विल्यमनें इंग्लंड जिंकलें. नंतरच्या कांहीं वर्षांत सरकारी कागदांतून इंग्रजी मागें पडली. पण तिची जागा घेतली लॅटिननें. १०८६ ची डोम्सडे नांवाची प्रसिद्ध जमीनपहाणी लॅटिनमध्यें आहे. पीटरबरोच्या मठांत तर ११५४ पर्यंतची बखर इंग्रजींतच लिहिली गेली, व तींत फ्रेंच शब्द थोडेच आहेत. १२०४ सालीं नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातून गेली आणि तिकडील व इकडील जहागिरी एका हातीं ठेवणें सरदारांस अशक्य झालें. तेराव्या शतकाच्या मध्यास वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ यानें एका कुलीन बाईच्या मुलांस फ्रेंच यावी म्हणून पद्यमय पाठ रचिला. त्यांत फ्रेंच शब्दांच्या ओळींवर इंग्रजी अर्थ लिहिलेले आहेत. ज्यांची ती वाडवडिलांची भाषा, त्यांच्या मुलांस ती आतां पुस्तकावरून शिकवावी लागत होती. १३६२ च्या कायद्यानें न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत व्हावे असें ठरविलें. कारण फ्रेंच लोकांस समजत नाहीं असें दिलें, आणि कायदा मात्र फ्रेंचमध्येंच लिहिला. १३८५ सालीं जॉन ट्रेव्हिसा लिहितो कीं, सर्व शाळांतील मुलांनीं फ्रेंच सोडली असून तीं इंग्रजींतून शिकत आहेत.

ह्यावरून जें दिसतें तें प्रचलित समजुतीच्या उलट आहे. नॉर्मन लोक जिंकून आले व फ्रेंच बोलत राहिले, त्या काळांत इंग्रजींत फ्रेंच शब्द थोडे आले. त्यांच्या वंशजांनीं फ्रेंच सोडून इंग्रजी धरिली, तेव्हां शब्दांचा लोंढा आला. कारण उघड आहे. वरिष्ठ वर्ग व वरिष्ठ वर्गाचे कारकून जेव्हां इंग्रजी बोलूं व लिहूं लागले, तेव्हां न्याय, कर, पोशाख व भोजन ह्यांविषयीं बोलण्याची त्यांची संवय फ्रेंच शब्दांची होती. ते शब्द त्यांनीं नव्या भाषेंत बरोबर आणिले. म्हणजे ही शब्दसंपत्ति विजेत्यानें जितांच्या तोंडीं कोंबलेली नाहीं. विजेत्याच्या वंशजानें जितांची भाषा स्वीकारतांना आपल्याबरोबर आणिलेलें तें सामान आहे.

ह्यावर एक सबळ आक्षेप येण्याजोगा आहे. १०६६ नंतरच्या दीडशें वर्षांतील इंग्रजी लेख थोडे. तेव्हां शब्द बोलण्यांत रूढ असून लेखांत दिसत नसतील. लेखांतील पहिला उल्लेख म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु लेख अगदींच नाहींत असें नाहीं. १२०० च्या सुमारास लायामन नांवाच्या धर्मोपदेशकानें ‘ब्रूट’ हें प्रचंड काव्य लिहिलें. वेस ह्या कवीचा ११५५ चा फ्रेंच ग्रंथ त्याच्या समोर होता; तरीहि त्याच्या इंग्रजींत फ्रेंच शब्द अत्यल्प आहेत. त्याला जुन्या शब्दांची आवड होती, हें खरें. आणि त्याच काव्याच्या दुसऱ्या प्रतींत कांहीं जुने शब्द काढून फ्रेंच घातलेले सांपडतात. शिवाय एकांतवासी स्त्रियांसाठीं १२२५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अँक्रीन विस’ ह्या गद्यग्रंथांत फ्रेंच शब्द बरेच अधिक आहेत. म्हणजे वाचक कोण, विषय कोणता व लेखकाची रुचि कशी, ह्यांवर हें प्रमाण बदलतें. आक्षेपानें तारखा कांहीं दशकें मागें सरकतील. लोंढ्याचा काळ मात्र बदलत नाहीं.

कोष्टकाची दुसरी मर्यादा ही कीं, त्यांत प्रत्येक शब्दास एकच मत आहे. एखाद्या ग्रंथांत एकदांच आलेला शब्द व लाखों लोकांच्या तोंडीं रोज येणारा शब्द तेथें समान ठरतात. शिवाय मूळ कोश १९२८ सालीं पूर्ण झाला. १९०५ च्या मोजणीस त्याचा कांहीं भागच उपलब्ध होता. त्यानंतर मध्यकालीन इंग्रजीचा स्वतंत्र कोश मिशिगन येथून १९५२ ते २००१ ह्या काळांत निघाला, आणि इंग्लंडांत लिहिल्या गेलेल्या फ्रेंचचाहि कोश झाला. ह्या साधनांमुळें इंग्लंडांतील फ्रेंच ही पॅरिसच्या फ्रेंचची बिघडलेली छाया नसून दफ्तरांत व न्यायालयांत दीर्घकाळ वापरांत असलेली भाषा होती, हें स्पष्ट झालें आहे. एकाच मूळ शब्दाचीं दोन रूपें इंग्रजींत आलेलीं पाहावीं : कॅच व चेस, वॉर्डन व गार्डियन. पहिलीं रूपें उत्तरेकडील नॉर्मन वळणाचीं, दुसरीं मध्य फ्रान्सच्या वळणाचीं. एकाच नांवाखालीं ‘फ्रेंच’ म्हणून मोजलेले शब्द एका वाटेनें व एका वेळीं आलेले नाहींत.

स्कँडिनेव्हियन शब्दांचें प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटलें. एग, स्काय, टेक, लॉ, किंबहुना ‘दे’ हें सर्वनामसुद्धां त्या लोकांपासून आलें. समान दर्जाच्या शेजाऱ्यांत रोजच्या वापराचे शब्दहि देवघेवींत येतात, हें त्यांनीं उत्तम दाखविलें आहे. त्याला आम्ही एक पुरवणी जोडूं. विल्यम कॅक्स्टन १४९० सालच्या एका प्रस्तावनेंत सांगतो कीं, केंट प्रांतीं उतरलेल्या एका व्यापाऱ्यानें अंडीं मागतांना ‘एग्ज’ शब्द वापरला, तेव्हां घरधनिणीनें उत्तर दिलें कीं आपणांस फ्रेंच येत नाहीं. तिच्या गांवचा शब्द जुना इंग्रजी होता. डॅनिश लोक इंग्लंडांत वसल्यास सहाशें वर्षें होऊन गेलीं, तरी त्यांचा हा शब्द केंटच्या चुलीपर्यंत पोंचला नव्हता. आणि परका शब्द कोणाचा, हें ऐकणाऱ्यास कळलेंहि नाहीं. शब्दाचा प्रवास राजाच्या स्वारीबरोबर होत नाहीं, ह्याला ह्याहून चांगला पुरावा शोधण्याचें कारण नाहीं.

आरंभींच्या प्रकरणाविषयीं मात्र आम्हांस स्पष्ट लिहिणें भाग आहे. इंग्रजी ही ‘पुरुषी’ भाषा आहे असें ग्रंथकार म्हणतात व तुलनेस हवाई बेटांची भाषा घेऊन तिच्या कोमल ध्वनींवरून ती बोलणाऱ्यांच्या स्वभावाविषयीं मत देतात. स्वरव्यंजनांच्या प्रमाणावरून लोकांचें पौरुष ठरविणें हें शास्त्र नव्हे. राज्यकर्त्यांच्या भाषेस तिच्या राज्याचे गुण चिकटविण्याची ही रीत त्या काळीं सार्वत्रिक होती; म्हणून ती प्रमाण होत नाहीं.

आमच्या वाचकांस ह्या विवेचनाचा उपयोग घरचाच आहे. मराठी कागदपत्रांतील फारसी शब्द मोजून त्यांवरून स्वराज्य-परराज्याची परिस्थिति ठरविण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितानें राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तो कोश म्हणजे राज्यकर्त्याच्या इच्छेचा अस्सल पुरावा आहे. परंतु इच्छा व रूढि ह्या दोन वस्तु आहेत. मुख्य प्रधान ही संस्कृत पदवी शिक्क्यांवर कोरली गेली. लोकांच्या तोंडीं फारसी ‘पेशवा’ हाच शब्द राहिला, आणि तोहि मराठ्यांची सत्ता भरास आली असतां. त्या शब्दावरून अठराव्या शतकांतील पुणें फारसीच्या अंमलाखालीं होतें असें जो म्हणेल, तो वाम्बाच्या पंक्तीस बसेल.

तेव्हां शब्दास साक्षीस बोलावतांना त्याला तीन प्रश्न विचारावे : तो कोणत्या सालच्या अस्सल लेखांत प्रथम दिसतो; त्या लेखाचा लेखक व वाचक कोण; आणि ज्या भाषेंतून तो आला तिच्यांत त्याचा अर्थ काय होता. येस्पर्सेन यांनीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या हातांनीं मोजून दिलें, हें त्यांचें ऋण मोठें आहे. त्यांचा ग्रंथ प्रत्येक संशोधकानें अवश्य वाचावा. फक्त वाचतांना कोष्टकाचें पान प्रथम उघडावें व वाम्बाची गोष्ट शेवटीं वाचावी.