सिसिफसची इच्छा कोणाची? : रिचर्ड टेलर यांच्या जीवनार्थविचाराची चिकित्सा

जीवनाच्या अर्थाविषयीच्या आधुनिक तात्त्विक चर्चेत अमेरिकन तत्त्वचिंतक रिचर्ड टेलर (१९१९-२००३) यांच्या ‘गुड अँड इव्हिल’ (१९७०) या ग्रंथातील अखेरचे प्रकरण वारंवार उद्धृत केले जाते. धोंडा डोंगरमाथ्यावर ढकलायचा, तो घरंगळला की पुन्हा ढकलायचा, ही ग्रीक पुराणकथेतील सिसिफसची शिक्षा. टेलर या कथेत एक बदल कल्पितात. देवांना उशिरा दया येते आणि ते सिसिफसच्या ठायी धोंडे ढकलण्याची अनिवार इच्छा निर्माण करतात. धोंडा तोच, डोंगरही तोच. मात्र आता सिसिफसला हवे तेच त्याला अखंड करावयास मिळते. जीवनाला अर्थ बाहेरून येत नाही, तो कर्त्याच्या इच्छेतून येतो, हा टेलर यांचा निष्कर्ष.

या मांडणीचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. धोंड्यांतून भव्य मंदिर उभे राहिले असते तर, हा पर्यायही टेलर तपासतात. मंदिर पूर्ण झाल्यावर उरतो तो कंटाळाच, हे त्यांचे उत्तर साध्यवादी विचाराला निरुत्तर करणारे आहे. न्यूझीलंडच्या गुहांतील प्रकाशमान अळ्यांचे त्यांचे वर्णनही विसरण्याजोगे नाही.

परंतु इच्छा कोठून आली, हा प्रश्न टेलर गौण मानतात. वस्तुतः खरी मेख तेथेच आहे. काम्यूच्या सिसिफसला (१९४२) आपल्या स्थितीची पूर्ण जाणीव आहे आणि ती जाणीवच त्याचे बळ आहे. टेलर यांचा सिसिफस सुखी होतो तो ही जाणीव गमावून. सुसान वुल्फ यांनी २०१० मधील ग्रंथात आक्षेप घेतला तो ओढीच्या विषयाच्या मोलावर. ओढ लावणाऱ्याचा प्रश्न तरीही उरतोच.

हा आक्षेप केवळ काल्पनिक नाही. जातिव्यवस्थेतील श्रमविभागणीत व्यक्तीच्या आवडीनिवडीला स्थान नाही, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखविले. आता जन्माने नेमून दिलेल्या कामाची गोडीच माणसात मुरविली, असे समजू. टेलर यांच्या निकषाने तक्रारीला जागाच उरत नाही. अन्याय मात्र जागच्या जागी राहतो. किंबहुना तो पक्का होतो. शिक्षा मागे न घेता कैद्याचे मन बदलणाऱ्या देवांना दयाळू म्हणणे कठीण आहे.

१९८७ मधील एका निबंधात टेलर यांनी स्वतःच भूमिका बदलली आणि अर्थ सर्जनशीलतेत शोधला. हा बदल प्रामाणिक असला तरी समाधानकारक नाही. सर्जन हा निकष मानल्यास रुग्णाची शुश्रूषा, रोजचा स्वयंपाक, दर जूनमध्ये तोच अभ्यासक्रम नव्या वर्गापुढे मांडणे (येथे आपणा अध्यापकांचाही नंबर लागतो) यांची गणना कोठे करावयाची? ही कामे पुनरावृत्तीचीच आहेत, पण ती करणारा अनेकदा ती समजून-उमजून स्वीकारतो आणि सोडूही शकतो. टेलर यांच्या सिसिफसला ही मुभा १९७० मध्ये नव्हती, आणि १९८७ च्या निकषातही तिचा विचार नाही.