कैद्याचा डॉक्टर कोणाचा?

मराठीत ‘येरवडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘त्याची रवानगी येरवड्याला झाली’ असे कोणी म्हटले, तर माणूस तुरुंगात गेला की वेड्यांच्या इस्पितळात, हे संदर्भावरून ठरवावे लागते. ठाण्याचेही तसेच. राज्यातली चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा गावांत आहेत जिथे तुरुंगही आहे. पहिल्या तीन ठिकाणी मध्यवर्ती कारागृह, रत्नागिरीला विशेष कारागृह. इंग्रज सरकारने दोन्ही प्रकारच्या भिंती एकाच गावात उभारल्या हा निव्वळ योगायोग असावा असे मला वाटत नाही. समाजाला नको असलेली माणसे कडेला ठेवायची, हा त्यामागचा साधा हिशेब. तेव्हा जमिनीवरचे अंतर फार नाही. बराकीतल्या आजारी माणसाला उपचारांपर्यंत पोचण्यासाठी जे अंतर कापावे लागते ते कागदावरचे असते, आणि प्रस्तुत लेखात मी तो कागदच वाचणार आहे.

कादंबऱ्या-कविता सोडून समीक्षकाने कलमे आणि निकालपत्रे का वाचावीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या तुरुंगवाङ्मयातच आहे. हे वाङ्मय समृद्ध आहे याबद्दल वाद नाही. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले, विनोबांची गीताप्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली, ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात उतरली. आपल्या अभ्यासकांनी या परंपरेचे कौतुक करताना तुरुंगाला जवळजवळ विद्यापीठ करून टाकले आहे. पण ही सारी मनाने खंबीर माणसांची पुस्तके. ज्याचे मन तुरुंगात मोडले त्याला पुस्तक लिहिता येत नाही. तो आला तर दुसऱ्याच्या पुस्तकात येतो. ‘माझी जन्मठेप’मध्ये इंदुभूषण रॉय यांची आत्महत्या आणि उल्लासकर दत्त यांना लागलेले वेड हे अंदमानातले १९१२ चे दोन प्रसंग आहेत, आणि माझ्या मते त्या ग्रंथातली ती सर्वांत अस्वस्थ करणारी पाने आहेत. उल्लासकरांना पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवले गेले. हे दोघे क्रांतिकारक होते, म्हणून त्यांचे नाव टिकले. त्याच काळात कोठडीत स्वतःशी बोलत बसलेल्या साध्या दरोडेखोराचे किंवा पाकीटमाराचे काय झाले, ते आपल्या साहित्यात सापडत नाही. त्याच्याविषयी जे काही लिहिले गेले ते सरकारी दप्तरात. म्हणून दप्तराची भाषा तपासणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी माझी धारणा आहे.

सुरुवात १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून करावी लागते, कारण पुढचे सव्वाशे वर्षांचे गद्य त्याच्याच वळणावर गेले. या कायद्याला आजारी कैदी दिसत नाही असे मुळीच नाही. आल्याबरोबर त्याची तपासणी करावी, तुरुंगात रुग्णालय किंवा योग्य जागा असावी, शरीराने किंवा मनाने अस्वस्थ दिसणाऱ्याची वर्दी विनाविलंब द्यावी, असे सारे त्यात आहे. कलम १४ तर आजही वाचणाऱ्याला थबकवते. तुरुंगाच्या शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे कैद्याच्या मनावर घातक परिणाम होतो आहे असे डॉक्टरला वाटले, तर त्याने ते लेखी कळवलेच पाहिजे. एकोणिसाव्या शतकातला तुरुंग, आणि शिस्त माणसाला वेडे करू शकते ही कबुली! पण कळवायचे कोणाला? अधीक्षकाला, म्हणजे जो ती शिस्त राबवतो त्यालाच. अधीक्षक त्यावर आपला हुकूम लिहितो आणि कागद माहितीसाठी महानिरीक्षकांकडे जातो. या रचनेची किल्ली एक कलम आधी, १३ मध्ये आहे. तुरुंगाच्या आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी डॉक्टरची, पण अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली. डॉक्टर कोणत्याही खात्यातून आलेला असो, तुरुंगाच्या फाटकातून आत आला की तो या वाक्याच्या आत येतो.

हेच वाक्य इंग्लंडने कसे मोडले, ते पाहणे उपयोगाचे आहे. तिथेही १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा तुरुंग तिच्या बाहेर ठेवले होते. कैद्यांचे डॉक्टर गृहखात्याचे नोकर. १९९६ मध्ये तुरुंगांचे मुख्य निरीक्षक सर डेव्हिड रॅम्सबॉथम यांनी एक अहवाल काढला, त्याचे शीर्षकच ‘रुग्ण की कैदी?’ असा प्रश्न होते. सरकारी अहवालाला प्रश्नचिन्ह असलेले शीर्षक क्वचितच मिळते, आणि क्वचितच असे प्रश्नचिन्ह कामाला येते. २००३ पासून तुरुंगातल्या आरोग्याचा पैसा गृहखात्याकडून आरोग्यखात्याकडे गेला, २००६ पर्यंत सेवा ठरवण्याचे काम स्थानिक आरोग्य संस्थांकडे आले, आणि एप्रिल २०१३ पासून ते इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे एकवटले.

या कामाला ते ‘कमिशनिंग’ म्हणतात. आपल्याकडे कमिशन म्हटले की दलाली आठवते, नाहीतर चौकशीचा आयोग. दोन्ही अर्थांनी मराठी माणसाचे आयुष्य पुरेसे भरलेले असल्यामुळे तिसऱ्याला जागा उरली नसावी. पण संकल्पना साधी आहे. अमुक तुरुंगात आजारी माणसे किती, त्यांना काय लागते, ते कोणाकडून घ्यायचे, पैसे कोणी द्यायचे आणि घेतलेली सेवा बरी की वाईट हे कोणी पाहायचे, या सगळ्यांना मिळून एक धनी असतो, आणि तो धनी तुरुंगाधिकारी नसतो. औषधे किंवा डॉक्टर बदलण्याआधी इंग्रजांनी तो धनी बदलला.

त्यातला पुढचा टप्पा म्हणजे लॉर्ड ब्रॅडली यांचा एप्रिल २००९ चा अहवाल. मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसे पोलीस ठाण्यापासून सुटकेपर्यंत कुठे कुठे हरवतात, याचा तो मागोवा आहे. शिफारशी ८२. तुरुंगात पोचल्यावर शोधण्यापेक्षा ठाण्यातच आणि कोर्टातच आरोग्य कर्मचारी बसवा, म्हणजे आजारी माणूस आधीच लक्षात येईल आणि जमेल तिथे उपचारांकडे वळवता येईल, ही त्यातली मध्यवर्ती सूचना. २०२० पर्यंत अशी सेवा साऱ्या इंग्लंडभर पोचली.

मी हे सारे विलायतेचे गोडवे म्हणून सांगत नाही. तिथे निविदा निघतात, ठेका एका संस्थेकडून दुसरीकडे जातो, आणि दोन वर्षे ज्या परिचारिकेपाशी मन मोकळे केले ती एका सोमवारी दिसेनाशी होते. गंभीर मनोरुग्ण कैद्याला रुग्णालयात हलवायला ब्रॅडलींनी १४ दिवसांची मुदत सुचवली होती. पुढे मार्गदर्शक सूचनांत ती २८ झाली, आणि तुरुंग निरीक्षकांनी २०२४ मध्ये पाहणी केली तेव्हा त्या मुदतीत हललेले रुग्ण जेमतेम १५ टक्के निघाले. लाजिरवाणा आकडा आहे. मात्र तो मोजता आला, कारण मुदत लिहिलेली होती आणि ती पाळण्याची जबाबदारी कोणाची तेही लिहिलेले होते. तुरुंगात मृत्यू झाला की स्वतंत्र लोकपाल चौकशी करतो, आणि वैद्यकीय परीक्षणात विचारले जाते की या माणसाला बाहेर मिळाले असते तसे उपचार आत मिळाले का. ते अहवाल प्रसिद्ध होतात. मी त्यातले काही वाचले आहेत. कोणत्या दिवशी कोणती गोळी चुकली, कोणी दार उघडून पाहिले, कोणी नुसतेच झरोक्यातून पाहिले, हे त्यात कोरड्या भाषेत असते. तुरुंगाविषयीचे इतके परिणामकारक गद्य मी ललित साहित्यात फार थोडे वाचले आहे.

आता आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. एकूणात हा उदार कायदा आहे. रुग्णाला हक्क असलेली व्यक्ती मानणारी त्याची भाषा जुन्या कायद्यांच्या तुलनेत फार पुढची आहे. तुरुंगातल्या डॉक्टरांना मानसिक आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण द्यावे, असेही तो सांगतो. पण कलम १०३ मध्ये, जिथे कैदी येतो तिथे, त्याची भाषा अचानक बदलते. पोटकलम २ सांगते की तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल पाठवावा आणि आपल्या तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही असे प्रमाणित करावे.

हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. किती आहेत ते कळवा असे ते म्हणत नाही. नाहीत असे प्रमाणित करा, म्हणते. हेतू चांगला असणार, हे मी मान्य करतो. आजारी माणूस तुरुंगात पडून राहू नये, तो रुग्णालयात असावा, असा तो हेतू. १९९३ मध्ये शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, गुन्ह्याचा आरोपही नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवले होते. पश्चिम बंगालमध्ये अशी माणसे तुरुंगात होती. तिथला आग्रह या वाक्यात उतरला असावा. परंतु आरोपी किंवा शिक्षा झालेल्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ उलटा होतो. डॉक्टरने आजार ओळखला की त्याचे प्रमाणपत्र अडकते, आणि मंडळ येऊन विचारू शकते की हा इथे का ठेवला. ओळखला नाही तर कागद स्वच्छ. निदान करणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो आणि न करणाऱ्याला लागत नाही, अशी ही वाक्यरचना आहे.

गंमत अशी की त्याच कलमाचे पोटकलम ६ सांगते, प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना उभारा आणि अशा कैद्यांना सामान्यतः तिथे ठेवा. म्हणजे आजारी कैदी नाहीत हेही लिहून द्यायचे, आणि त्यांच्यासाठी वॉर्डही बांधायचा. या दोन्हींत सांधा घालायला आणखी एक परंतुक आहे: तुरुंगातल्याच मानसोपचार वॉर्डात हलवले तरी कलमाची पूर्तता झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तुरुंगांविषयीच्या वार्षिक आकडेवारीत मानसिक आजार असलेल्या कैद्यांची संख्या छापतो आणि ती हजारांत असते. एका सरकारी कागदावर शून्य अपेक्षित, दुसऱ्यावर हजारो. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्ती टाळायला सांगितले असते.

आणि हा वॉर्ड चालवायचा कोणी, त्याचा खर्च कोणत्या खात्याच्या अंदाजपत्रकात दिसायचा, मानसोपचारतज्ज्ञ मिळाला नाही तर उत्तर कोणी द्यायचे, याविषयी कलम बोलत नाही. ‘राज्य शासन’ असा मोघम कर्ता येतो आणि क्रियापद संपते. इंडिया जस्टिस रिपोर्टने २०२५ मध्ये दाखवले की देशभरच्या सुमारे पावणेसहा लाख कैद्यांसाठी मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून २५ आहेत. २०२२ अखेर ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे अशी माणसे.

धनी नसला की ते काम न्यायालयाकडे जाते. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीविषयी शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, तेव्हा न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलायला सांगितले, आणि बोलताना दुसरे कोणी हजर नसावे अशी अटही घातली. १९८३ चा तो निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. गरज काय आहे हे तुरुंगाबाहेरच्या, तुरुंगाच्या नोकरीत नसलेल्या माणसाने जाऊन विचारावे, हे तत्त्व त्यात इंग्रजांच्या वीस वर्षे आधी आहे. पण ते एका खटल्यापुरते. त्याची नेहमीची व्यवस्था झाली नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगात समाजकार्यकर्ते पाठवतो आहे, तेही एका शिक्षणसंस्थेचा उपक्रम म्हणून.

व्यवस्था नसली की काय होते याचे उदाहरण आसामात आहे. माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचे कळवले. ते सुटले २००५ मध्ये. रुग्णालयाने आपला कागद लिहिला होता, तो वाचणे कोणाचे काम होते हे मात्र ठरलेले नव्हते.

आपल्या राज्यातला अलीकडचा दस्तऐवज १२ एप्रिल २०१९ चा आहे. महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याला शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडला असल्याचे मानून सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि त्याला आजन्म कारावास दिला. निकालपत्रात त्याला नाव नाही, नुसता ‘एक्स’ आहे, कारण आजाराविषयीची गोपनीयता हा त्याचा हक्क. मला ही गोष्ट लक्षणीय वाटते. इतक्या वर्षांत रुग्ण म्हणून त्याला ठळकपणे मिळालेला हक्क तो हा, नाव झाकले जाण्याचा. उपचारांविषयीचा आदेश असा की राज्य सरकारने त्याचा विचार २०१७ च्या कायद्याखाली करावा आणि तो पात्र आढळल्यास त्याचे हक्क द्यावेत. फाशीच्या बाबतीत इतके निःसंदिग्ध बोलणारे न्यायालय औषधाच्या बाबतीत ‘विचार करावा’वर येऊन थांबते. दोष मी न्यायाधीशांना देत नाही. आदेश ज्याच्या नावाने द्यायचा असा नेमका अधिकारी कायद्याने त्यांच्यासमोर उभाच केलेला नाही.

केंद्राने २०२३ मध्ये तुरुंगांचा नवा नमुना कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. १८९४ च्या वाक्यांना पर्याय लिहिण्याची अशी संधी पुन्हा लवकर येणार नाही. माझी सूचना भाषेपुरतीच आहे. कलम १०३ मधल्या प्रमाणपत्राच्या जागी यादी मागावी: या तिमाहीत किती जण आजारी आढळले, कोणी तपासले, रुग्णालयात न्यायचे ठरल्यापासून पोलीस गार्ड मिळून प्रत्यक्ष नेईपर्यंत किती दिवस गेले, सुटताना हातात किती दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढे कोणत्या दवाखान्याचा पत्ता दिला. यादीवर सही गृहखात्याची नको, आरोग्य सचिवांची असावी, आणि ती दरवर्षी विधिमंडळाच्या पटलावर ठेवली जावी.