सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून रस्तेविकास : महाराष्ट्रातील अनुभवाची चिकित्सा
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

गेल्या तीन दशकांत महाराष्ट्राच्या रस्तेविकासात 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी' हा शब्दप्रयोग चांगलाच रूढ झाला आहे. शासनाजवळ निधी अपुरा आहे, रस्त्यांची गरज मोठी आहे, म्हणून खाजगी भांडवलास पाचारण करावे, असे या विचाराचे सूत्र सांगितले जाते. या सूत्रामागे दोन गृहीतके आहेत. खाजगी उद्योजक आणतो त्या पैशाचा भार शासनावर पडत नाही, हे पहिले. आणि या पद्धतीमुळे जेथे रस्ते नाहीत तेथे रस्ते होतात, हे दुसरे. ही गृहीतके प्रत्यक्ष अनुभवाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्येचा आणि मुख्यतः शेतीवर जगणारा हिंगोली जिल्हा या तपासणीसाठी योग्य संदर्भ ठरतो. मोठी शहरे व औद्योगिक पट्टे डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या धोरणाची खरी परीक्षा अशाच जिल्ह्यात होते.

ऐतिहासिक पूर्वपीठिका :

खाजगी भांडवल आणि शासकीय हमी यांची सांगड मराठवाड्यास नवी नाही. हैदराबाद संस्थानात १८८३ साली निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनीशी करार झाला. भांडवल लंडनच्या बाजारातून उभारावयाचे आणि त्यावरील परताव्याची २० वर्षांची हमी संस्थानाने द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. म्हणजे नफ्याचा हक्क कंपनीचा आणि तोट्याची हमी प्रजेच्या महसुलातून. याच वर्षी 'चांदा रेल्वे योजने'च्या अटी लोकांसमोर मांडाव्यात, अशी मागणी हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी केली. या मागणीत पुढाकार घेणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर घालविण्यात आले. पुढे १९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे स्वतःकडे विकत घेतली. भागीदारीच्या कराराची जाहीर चर्चा व्हावी की नाही, हा प्रश्न या भूमीत सुमारे १४० वर्षे जुना आहे, एवढे यावरून लक्षात यावे.

पथकराचे तत्त्व आणि त्याच्या मर्यादा :

स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते ही शासनाचीच जबाबदारी मानली गेली. १९९० नंतर 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' म्हणजेच बीओटी पद्धत पुढे आली. ठाणे-भिवंडी वळणरस्ता हे तिचे देशातील सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक होय. १९९६ साली महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली. या पद्धतीत उद्योजकाने रस्ता बांधावयाचा, ठरलेल्या मुदतीपर्यंत पथकर वसूल करावयाचा आणि मुदत संपताच रस्ता शासनाकडे सुपूर्द करावयाचा असतो.

या रचनेतच तिची मर्यादा दडलेली आहे. पथकराचे उत्पन्न वाहनसंख्येवर अवलंबून असते. त्यामुळे कोणता रस्ता होणार हे गरजेवरून न ठरता रहदारीवरून ठरते. हिंगोली, वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील शेतकऱ्याची हळद बाजार समितीपर्यंत येते ती प्रथम ग्रामीण रस्त्याने व जिल्हा मार्गाने. या रस्त्यांवर पथकर बसवून भांडवल वसूल होईल, असे कोणताही उद्योजक मानणार नाही. केंद्र शासनाच्या व्यवहार्यता तफावत निधीतून अनुदान मिळू शकते. पण तोही पथकरासारख्या वापर-आकारावर उभ्या असलेल्या प्रकल्पासाठीच. ज्या रस्त्यावर आकारणीच शक्य नाही, तो या चौकटीबाहेर राहतो.

जोखीम कोणाची?

भागीदारीचे समर्थक जोखमीच्या विभागणीवर भर देतात. रहदारी कमी झाली तर तोटा उद्योजकाचा, असे तत्त्व सांगितले जाते. महाराष्ट्रातील अनुभव मात्र निराळा आहे.

कोल्हापूर शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प २२० कोटी रुपये खर्चाचा आणि ३० वर्षे पथकर-मुदतीचा होता. आपल्याच शहरात फिरण्यासाठी पथकर का द्यावा, हा नागरिकांचा प्रश्न होता. दीर्घ आंदोलनानंतर हा पथकर रद्द करावा लागला आणि उद्योजकाच्या भरपाईचा प्रश्न शासनापुढे उभा राहिला. १ जून २०१५ पासून राज्य शासनाने १२ पथकर नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलकी वाहने व एसटी बसगाड्यांना सूट दिली. जनतेला दिलासा मिळाला; पण करारानुसार द्यावयाची भरपाई तिजोरीवर आली. जो भार पूर्वी वाहनचालक सोसत होता, तो आता ज्याच्याकडे वाहनच नाही अशा करदात्याच्याही वाट्याला आला.

मुंबई मेट्रोच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्गाचे उदाहरणही बोलके आहे. ११.४ किलोमीटरचा हा मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. करारात प्रकल्पखर्च २,३५६ कोटी रुपये होता. कंपनीने तो ४,३२१ कोटींपर्यंत गेल्याचा दावा केला. खर्च आणि भाडे या दोन्ही मुद्द्यांवर वाद झाले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा ७४ टक्के हिस्सा सुमारे ४,००० कोटी रुपयांना घेण्यास संमती दिली आणि काही महिन्यांतच हा विचार मागे घेतला. प्रकल्प अडचणीत आला की दृष्टी पुन्हा शासनाकडेच वळते, हे यातून दिसते. सार्वजनिक सेवा बंद पडू देणे कोणत्याही शासनास परवडत नाही. उद्योजकासही हे ठाऊक असते. म्हणून अखेरची जोखीम कागदावर कोणाचीही असली, तरी व्यवहारात ती शासनाचीच राहते.

याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा अनुभव विचारात घ्यावा. हा मार्ग महामंडळाने स्वतः कर्ज उभारून बांधला. बांधकाम पूर्ण झाल्यावर २००४ साली या मार्गाचे व जुन्या महामार्गाचे पथकर-हक्क ९१८ कोटी रुपयांच्या मोबदल्यात १५ वर्षांसाठी देण्यात आले. २०२० साली त्याच हक्कांसाठी सुमारे १० वर्षांच्या मुदतीस ८,२६२ कोटी रुपयांचा मोबदला ठरला. दोन्ही व्यवहारांतील काळाचे व पैशाच्या मूल्याचे अंतर लक्षात घेतले, तरीही वाढलेली रहदारी प्रत्यक्ष दिसू लागल्यावर सार्वजनिक संस्थेची सौदाशक्ती किती वाढते, हे येथे दिसून येते. पहिल्या व्यवहारात रहदारीवाढीचा लाभ मुख्यतः उद्योजकाकडे गेला. बांधकामाची जोखीम शासनाने घेतली असताना दीर्घ मुदतीचे उत्पन्न लवकर विकून टाकणे कितपत शहाणपणाचे होते, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

हायब्रीड ॲन्युइटी : उपाय की उधारी?

रहदारीची अडचण ओळखूनच केंद्र शासनाने २०१६ पासून हायब्रीड ॲन्युइटी पद्धत स्वीकारली. राष्ट्रीय महामार्गांच्या बाबतीत प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात दिली जाते आणि उर्वरित रक्कम व्याजासह १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी चुकती होते. पथकर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण वसूल करते. राज्य शासनाने सुमारे १०,००० किलोमीटर रस्त्यांसाठी ३०,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम याच पद्धतीने आखला. त्यात बांधकामकाळात ६० टक्के व पुढील १० वर्षांत ४० टक्के, असे प्रमाण ठेवले.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा ते महागाव हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा टप्पा याच पद्धतीने चौपदरी करण्यात आला. केवळ पथकरावर अवलंबून असलेला उद्योजक या भागात आला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. शिवाय बांधणाऱ्यावरच देखभालीची जबाबदारी असल्याने कामाचा दर्जा राखण्यास प्रोत्साहन मिळते. निविदा काढून ठेकेदाराकरवी बांधलेला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, हा अनुभव असलेल्या जिल्ह्यात या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तथापि हे हप्ते म्हणजे प्रत्यक्षात कर्जफेडच होय. ते उद्याच्या अर्थसंकल्पातून द्यावयाचे असतात आणि करारबद्ध असल्यामुळे त्यांना अग्रक्रम मिळतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची तरतूद मर्यादित असेल, तर कात्री लागते ती करार नसलेल्या खर्चास. म्हणजे जिल्हा मार्गांची दुरुस्ती, लहान पूल आणि मोऱ्या यांना. मोठ्या रस्त्याच्या हप्त्यासाठी लहान रस्त्याची डागडुजी मागे पडणे, हा या पद्धतीचा संभाव्य पण अदृश्य परिणाम आहे. शिवाय ही देणी रूढ अर्थाने कर्ज म्हणून नोंदली जात नसल्यास राज्याची आर्थिक स्थिती आहे त्याहून बरी भासते.

अनुशेष आणि भागीदारी : दोन भिन्न तत्त्वे

महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेने एक निश्चित तत्त्व प्रस्थापित केले होते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हावार तूट मोजून अनुशेष काढला. रस्ते हे त्यातील एक क्षेत्र होते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. जेथे कमी आहे तेथे अधिक द्यावे, हे या साऱ्यामागील तत्त्व. भागीदारीचे तत्त्व नेमके उलट आहे : जेथे रहदारी आहे तेथे गुंतवणूक यावी. ही दोन तत्त्वे एकाच राज्यात नांदू शकतात. परंतु पहिले दुर्बळ झाले, तर दुसरे असमतोल वाढविते. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ही बाब या संदर्भात गंभीर ठरते.

डॉ. विजय केळकर यांनी या दोन्ही विषयांवरील समित्यांचे अध्यक्षपद भूषविले, हे लक्षणीय आहे. महाराष्ट्राच्या समतोल प्रादेशिक विकासावरील त्यांच्या समितीचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, तर भागीदारी पद्धतीच्या पुनर्विचारावरील अहवाल २०१५ मध्ये केंद्रास सादर झाला. सेवा पुरविण्याच्या जबाबदारीतून सुटण्यासाठी शासनाने भागीदारीचा आधार घेऊ नये आणि अगदी लहान प्रकल्पांसाठी ही पद्धत वापरू नये, अशी भूमिका दुसऱ्या अहवालात आहे. हे दोन्ही अहवाल एकत्र वाचले जाणे आवश्यक आहे.

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून गेला. शेजारच्या वाशीमला तो लाभला, हिंगोलीला नाही. नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या बारा जिल्ह्यांत मात्र हिंगोलीचा समावेश करण्यात आला. २०२५ मध्ये त्याच्या भूसंपादनादी कामांसाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मंजुरी मिळाली आणि अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी त्यास विरोधही केला. नियंत्रित प्रवेशाचा महामार्ग जिल्ह्यातून जाणे आणि जिल्ह्यास रस्ता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन गावाची जाते. चढउतार मात्र ठरावीक ठिकाणीच असतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून सार्वजनिक-खाजगी भागीदारी सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. भरपूर रहदारीच्या मार्गांवर, स्पष्ट करार आणि खुली स्पर्धा असेल तर तिचा उपयोग आहे. परंतु ती निधीचा नवा स्रोत नाही. रस्त्याचे पैसे अखेर दोनच ठिकाणांहून येतात : वापरणाऱ्याच्या पथकरातून किंवा नागरिकाच्या करातून. उद्योजक केवळ ते आगाऊ देतो आणि त्याची किंमत घेतो. म्हणून पुढील तीन अपेक्षा मांडाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक कराराचा मराठी गोषवारा, वाहनगणना व वसूल झालेला पथकर दरवर्षी जाहीर व्हावा. दुसरी, पुढील वर्षांत द्यावयाच्या सर्व हप्त्यांचे विवरण अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे यावे. तिसरी, पथकराच्या मार्गांतून शासनास मिळणाऱ्या रकमेचा निश्चित वाटा पथकर न परवडणाऱ्या जिल्ह्यांतील रस्त्यांच्या देखभालीस राखून ठेवावा. या तिसऱ्या अपेक्षेची पूर्तता झाल्यासच भागीदारी आणि अनुशेष-निर्मूलन ही तत्त्वे परस्परपूरक होतील. अन्यथा हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या वाट्यास भागीदारीचे हप्ते येतील, रस्ते येतीलच असे नाही.