काय लपवावे, काय लिहावे : डेव्हिड पार्नास यांच्या संशोधनाचा लेखाजोखा

भौतिकीचा संशोधक कशाचा अभ्यास करतो, हे आठवीतला विद्यार्थीही ढोबळमानाने सांगेल. पण सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा प्राध्यापक नेमके कसले संशोधन करतो? आज्ञावल्या लिहिण्याचे काम तर कंपन्यांतले लोक करतातच. मग विद्यापीठात बसून त्यात शोधायचे काय उरले? हा प्रश्न आम्हाला विद्यार्थ्यांनी अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर व्याख्येने देण्यापेक्षा एका संशोधकाचे काम तपासून द्यावे, असे वाटते.

डेव्हिड पार्नास यांचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतला. कार्नेगी येथे विद्युत अभियांत्रिकी शिकून त्यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि आयर्लंड येथील विद्यापीठांत त्यांनी शिकवले. त्यांच्या नावावर एखादी गाजलेली संगणकभाषा नाही, की घरोघरी पोचलेली आज्ञावली नाही. त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : अनेक माणसांनी मिळून लिहिलेली मोठी आज्ञावली भरवशाची कशी करावी?

१९७२ मध्ये त्यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. मोठी आज्ञावली तुकड्यांत विभागावी हे तेव्हाही सर्वांना मान्य होते; पण कोणत्या निकषावर? प्रचलित पद्धत अशी, की कामाच्या पायऱ्या पाहाव्यात आणि प्रत्येक पायरीचा एक तुकडा करावा. पार्नास यांनी एकाच उदाहरणाच्या दोन विभागण्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि दाखवले, की ही सोयीची वाटणारी पद्धत पुढे महागात पडते.

शाळेच्या निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. गुण भरणे, बेरीज करणे, क्रम लावणे आणि छापणे असे चार तुकडे केले. आता गुण १०० पैकी आहेत आणि ते अमुक रकान्यात ठेवले आहेत, ही माहिती चारही तुकड्यांना असावीच लागते. उद्या गुणांऐवजी श्रेणी द्यायचे ठरले, तर चारही तुकडे उघडून दुरुस्त करावे लागतात. पार्नास यांचे म्हणणे असे : जे निर्णय उद्या बदलण्याची शक्यता आहे, त्यांची आधी यादी करा. असा प्रत्येक निर्णय एकाच तुकड्याच्या पोटात ठेवा आणि इतरांना तो कळूच देऊ नका. याला ‘माहिती झाकणे’ असे नाव पडले. सन २००० उजाडताना जगभर जी धावपळ झाली, तिचे मूळ वर्षाचे दोनच आकडे साठवण्यात होते. पण ही गोष्ट आज्ञावलीच्या कानाकोपऱ्याला ठाऊक असल्यामुळे दुरुस्ती फार अवघड झाली.

हा विचार सहज मान्य झाला नाही. आयबीएमच्या एका प्रचंड प्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मधील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात उलट मत मांडले होते : प्रत्येकाला सगळे दिसले पाहिजे. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, त्यांनी पार्नास यांचे बरोबर होते आणि आपले चुकले होते, असे स्वच्छ शब्दांत लिहिले. एखादी कल्पना अनुभवाच्या कसोटीला उतरली याचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळतो.

पार्नास यांचे नाव सामान्य वाचकांपर्यंत पोचले ते १९८५ मध्ये. रेगन यांनी १९८३ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी कवचाची घोषणा केली होती. त्या योजनेच्या संगणकविषयक समितीवर पार्नास यांची नेमणूक झाली आणि लवकरच त्यांनी राजीनामा दिला. संरक्षणाच्या कामाला त्यांचा विरोध नव्हता. नौदलाच्या लढाऊ विमानाच्या आज्ञावलीवर त्यांनी स्वतः काम केले होते. त्यांचा आक्षेप तांत्रिक होता. पुलाने दहा टन भार पेलला तर नऊ टन पेलेल, असे आपण म्हणू शकतो, कारण तिथे राशी सलग बदलतात. आज्ञावलीत तसे नसते. एका अंकाच्या फरकाने सगळे वागणे बदलू शकते. म्हणून मोठी आज्ञावली प्रत्यक्ष वापरात चुका सापडत सापडतच भरवशाची होते. पण हे कवच खऱ्या युद्धाआधी खऱ्या परिस्थितीत वापरून पाहता येणारच नव्हते.

युक्तिवाद भक्कम आहे. तरीही त्याची मर्यादा सांगायला हवी. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासगटाने असे मांडले, की कवचाचे भाग एकमेकांवर फारसे अवलंबून न ठेवता रचना केली, तर काम शक्य आहे. पार्नास यांना ते पटले नाही. पण गंमत पाहा : सुटे, एकमेकांबद्दल कमीत कमी जाणणारे भाग ही कल्पना त्यांच्याच १९७२ च्या निबंधाच्या किती जवळची आहे! या मुद्द्याला त्यांनी अधिक वाव द्यायला हवा होता, असे आम्हाला वाटते. शीतयुद्ध संपले, १९९३ मध्ये मूळ योजना गुंडाळली गेली आणि त्यांचे भाकीत कसोटीला लागलेच नाही. म्हणून ‘पार्नास खरे ठरले’ असे विद्यार्थ्यांना सांगणे बरोबर नाही. त्यांनी मोलाचा प्रश्न विचारला, एवढेच म्हणता येईल.

त्यांचे उत्तर कसोटीला लागले ते कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीज केंद्रात. तिथे अणुभट्टी तातडीने बंद करणाऱ्या यंत्रणा संगणकावर चालणार होत्या. पार्नास यांनी नियामक मंडळाला सुचवलेल्या पद्धतीत अपेक्षा आणि प्रत्यक्ष आज्ञावली या दोन्हींचे तक्ते करायचे होते : कोणत्या स्थितीत काय घडले पाहिजे आणि काय घडते. मग ते ताडून पाहायचे. काम झाले, पण वेळ आणि पैसा बराच लागला. इतकी काटेकोर कागदपत्रे ठेवण्याची त्यांची पद्धत उद्योगांत फारशी रुजली नाही. दोष केवळ उद्योगांच्या आळसाचा नाही. जी पद्धत लहान, क्वचित बदलणाऱ्या आणि जीवनमरणाशी संबंधित यंत्रणेला शोभते, ती रोज बदलणाऱ्या आज्ञावलीला कशी परवडावी, याचे उत्तर त्यांच्या लेखनात आम्हाला अपुरे वाटते.

शिक्षकांनी विशेष विचार करावा असा त्यांचा निबंध १९८६ चा आहे. पॉल क्लेमंट्स यांच्यासह लिहिलेल्या या निबंधात ते म्हणतात, की पूर्ण तर्कशुद्ध क्रमाने आज्ञावली कधीच तयार होत नाही. तरी कागदपत्रे मात्र ती तशी झाली असावी अशी लिहावीत. आपली प्रयोगवही आठवा : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रत्यक्ष तासाला असे कुठे घडते? मग ही लबाडी नव्हे काय? पार्नास यांची एक अट इथे निर्णायक ठरते : कोणते पर्याय विचारात घेतले आणि का सोडले, तेही नोंदवायचे. आपल्या प्रयोगवह्यांत नेमके हेच नसते. नीटनेटकेपणा वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. चुका पुसण्यासाठी नाही.

२००७ मध्ये त्यांनी संशोधकांची किंमत निबंधांच्या संख्येवरून करण्यावर कडक टीका केली. मोजणीमुळे उथळ निबंधांचे पीक येते. मोजू नका, वाचा, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले, तेव्हा काय झाले हे अनेकांनी जवळून पाहिले आहे. वाचायला वेळ लागतो, जाणकार लागतात, आणि वाचणाऱ्याचे पूर्वग्रहही असतात. या अडचणी पार्नास हलक्याने घेतात. पण अडचण आहे म्हणून मोजपट्टीच्या हाती सगळे सोपवावे, हे आम्हालाही मान्य नाही. १९७२ चा तो निबंध मोजणाऱ्याच्या वहीत ‘एक’ एवढाच भरला असता.

तेव्हा, सॉफ्टवेअरचा प्राध्यापक कशाचे संशोधन करतो? माणसाच्या बुद्धीला एका वेळी थोडेच पेलते, हे मान्य करून मोठे काम कसे करावे, याचे. पुढच्या वेळी वर्गात निकालपत्रकाचे उदाहरण द्या आणि विचारा : यातले उद्या काय बदलेल? यादी करायला मुलांना फार वेळ लागणार नाही.