‘संपृक्त’ की ‘संपृक्तिक्षम’? : धातूच्या नॅनोकणांविषयीच्या परिभाषेची चिकित्सा

मराठी शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते. शब्द सोपा आहे की अवघड, संस्कृताश्रयी आहे की रूढ, एवढ्यावरच तिचा निवाडा केला जातो. शब्द ज्या वस्तूला लावला आहे त्या वस्तूच्या वर्तनाशी तो प्रामाणिक आहे काय, हा त्याहून मूलगामी प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. स्पंद-लेसरांत वापरल्या जाणाऱ्या धातूंच्या नॅनोकणांचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

प्रथम विषयाची रूपरेषा. थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर साध्य केला. 1966 मध्ये डी-मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निओडिमियमयुक्त काचेच्या लेसरमध्ये एका रंजकद्रव्याचा उपयोग करून अत्यंत अल्पकालीन स्पंद मिळविले. या द्रव्याचे कार्य असे की, क्षीण प्रकाश ते शोषून घेते आणि तीव्र प्रकाशाला वाट देते. परिणामी लेसरच्या आरशांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या प्रकाशातील तीव्र भाग टिकतो व क्षीण भाग झडून जातो. पुढे 1992 मध्ये उर्सुला केलर यांनी हेच कार्य अर्धसंवाहक आरशाकडून करून घेतले. चालू शतकात कार्बनच्या नॅनोनलिका व ग्रॅफीन यांची त्यात भर पडली आणि 2012 च्या सुमारास अर्बियमयुक्त तंतुलेसरमध्ये सोन्याचे नॅनोकण हेच काम करू लागले. या सर्व द्रव्यांचे इंग्रजी नाव एकच आहे. ‘संपृक्त होऊ शकणारा शोषक’ हा त्या नावाचा अर्थ होय.

शालेय रसायनशास्त्रातील ‘संपृक्त द्रावण’ डोळ्यांपुढे असल्यामुळे मराठी लेखकाला येथे ‘संपृक्त शोषक’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ व्याकरणाची नव्हे. ‘संपृक्त’ हे भूतकालवाचक कृदन्त आहे. ते घडून गेलेल्या क्रियेचा निर्देश करते. म्हणून ‘संपृक्त शोषक’ म्हणजे जो आता शोषण करीत नाही असा शोषक. लेसरमध्ये नेमकी उलट गोष्ट अपेक्षित असते: द्रव्याने शोषण करावे, क्षणभर थांबावे आणि पुन्हा शोषणास सिद्ध व्हावे. मूळ संज्ञेतील प्रत्यय शक्यता सांगतो. मराठी शब्द समाप्ती सांगतो. ‘संपृक्तनीय’ हा पर्यायही टिकत नाही, कारण ‘-अनीय’ हा प्रत्यय धातूला लागतो, कृदन्ताला नव्हे. ‘संपृक्तिक्षम’ हा शब्द त्यातल्या त्यात निर्दोष म्हणता येईल.

तथापि धातूच्या कणांच्या बाबतीत खरी अडचण यापुढे सुरू होते. रंजकद्रव्यात संपृक्ती होते ती शोषण करू शकणारे रेणू तात्पुरते संपल्यामुळे. सोन्याच्या कणात असे काही संपत नाही. सोन्याच्या कलिलाचा माणकासारखा रंग मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्ये अभ्यासला आणि गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये त्याचे गणिती विवरण केले. गोलाकार कणातील इलेक्ट्रॉन सामुदायिक रीतीने आंदोलित होतात आणि 520 नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचे शिखर निर्माण होते. तीव्र स्पंद पडला म्हणजे हे इलेक्ट्रॉन तापतात. शिखर रुंदावते आणि खचते. काही पिकोसेकंदांत ही उष्णता स्फटिकजालकाकडे जाते व मग सावकाश भोवतालच्या माध्यमात पसरते. शिखर खचले म्हणजे तेथे शोषण घटते हे खरे. परंतु शिखर रुंदावल्यामुळे त्याच्या दोन्ही उतारांवर शोषण वाढते. म्हणजे तोच कण, त्याच क्षणी, एका तरंगलांबीला वाट देतो आणि दुसरीला अधिक अडवितो.

यावरून असे दिसते की, ‘संपृक्तिक्षम शोषक’ हे द्रव्याचे नाव नसून त्याच्या भूमिकेचे नाव आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. ‘राम’ हे नाम एका वाक्यात कर्ता असते, दुसऱ्यात कर्म. कारकत्व नामात नसते, क्रियेशी असलेल्या त्याच्या संबंधात असते. सोन्याचा कण ‘शोषक’ आहे असे तरंगलांबी, तीव्रता व स्पंदाचा कालावधी यांचा उल्लेख न करता म्हणणे हे क्रियापदावाचून कारक सांगण्यासारखे आहे.

हाच दोष संख्यांतही उतरतो. रिकार, रूसिन्योल आणि फ्लित्झानिस यांनी 1985 मध्ये धातूच्या कलिलांतील अरेषीय प्रकाशीय परिणाम मोजला. 1988 मध्ये अश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या संदर्भात त्यातील निरनिराळी अंगे वेगळी करून दाखविली; तप्त इलेक्ट्रॉनांचा वाटा हे त्यातील एक महत्त्वाचे अंग होते. हा वाटा काळावर अवलंबून असतो. 10 नॅनोसेकंदांचा स्पंद 1 पिकोसेकंदाच्या स्पंदाच्या दहा हजार पट लांब असतो. तेवढ्या अवधीत उष्णतेला कणाबाहेर पडून भोवतालच्या माध्यमावरही परिणाम करण्यास सवड मिळते. रॉबर्ट बॉयड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या परामर्शात सोन्याच्या अरेषीय गुणांकाची निरनिराळ्या प्रयोगांतील मूल्ये कित्येक दशपटींनी भिन्न असल्याचे दाखविले आहे. असे असता ‘सोन्याचा गुणांक अमुक’ हे विधान अपुरे ठरते. ज्याला गुण म्हटले जाते ती वस्तुतः एक घटना असते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, प्रयोगशाळेतील संशोधकाला हे सर्व ठाऊक असते. संज्ञा ही केवळ चिठ्ठी आहे. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु चिठ्ठी वाचून विषयात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसते, आणि ‘शोषक’ या शब्दाने शोषलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते हा प्रश्नच झाकला जातो. सोन्याच्या नॅनोदंडांची उपयुक्तता त्यांच्या लांबट आकारावर अवलंबून असते. लांबी व जाडी यांच्या गुणोत्तरामुळे त्यांचे शिखर अवरक्त भागाकडे सरकते. मुस्तफा एल-सय्यद यांच्या गटाने 2000 च्या आसपास दाखविले की, पुरेशा तीव्र स्पंदाने हे दंड वितळून गोलाकार होतात. गोल झालेल्या कणाचे शिखर पुन्हा दृश्य प्रकाशात येते आणि अवरक्त लेसरमधील त्याची भूमिका संपते. तेव्हा मात्र तो खऱ्या अर्थाने निवृत्त शोषक होतो!

‘संपृक्तिक्षम’ हा शब्दही परिपूर्ण नाही. तो क्षमता सांगतो, पूर्वस्थितीला परतणे सांगत नाही. म्हणून निव्वळ शब्दबदलाने काम भागणार नाही. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने संज्ञेबरोबर तरंगलांबी, तीव्रता व स्पंदकाल या तीन गोष्टी देण्याची शिस्त पाळणे अगत्याचे आहे. ‘संपृक्त’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘एकत्र जोडलेले’ असा आहे आणि कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी तो योजला आहे तो शब्द आणि अर्थ यांच्या नित्यसंबंधाविषयी. त्याच शब्दाची शास्त्रीय परिभाषेत योजना करताना शब्द एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे राहू नये, एवढी अपेक्षा वावगी ठरू नये.