एका क्रियापदाचा वाद : न्यूमन ह्यांचा १८५९ चा निबंध आणि प्रापंचिकांची तक्रार

जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा, धर्मसिद्धान्ताच्या बाबतीत श्रद्धावंतांना विचारण्यासंबंधीचा निबंध ‘रॅम्बलर’ ह्या इंग्रज कॅथलिक नियतकालिकाच्या जुलै १८५९ च्या अंकात निनावी प्रसिद्ध झाला. हा निबंध सामान्यतः ईश्वरविद्येचा ग्रंथभाग म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यही आहे. तथापि ज्या वादातून तो जन्मला तो वाद प्रथमतः एका शब्दाचा होता. ‘कन्सल्ट’ ह्या इंग्रजी क्रियापदाचा होता. त्या शब्दाचा न्यूमन ह्यांनी केलेला बचाव आणि त्याच निबंधात त्यांनी मांडलेला इतिहास ह्यांचा मेळ बसत नाही. शब्दाच्या बचावात त्यांनी जेवढे मागितले, त्याहून कितीतरी अधिक त्यांच्या इतिहासाने सिद्ध केले. बिशपांच्या नेतृत्वाविषयी प्रापंचिक कॅथलिकांच्या मनात आजही जो असंतोष आढळतो, त्याचे नेमके स्वरूप ह्या विसंगतीतूनच उलगडते.

इंग्लंडमधील कॅथलिकांवरील राजकीय निर्बंध १८२९ मध्ये बहुतांशी दूर झाले व १८५० मध्ये तेथे बिशपांची अधिकृत परंपरा पुनःस्थापित झाली. एकीकडे नव्याने अधिकारारूढ झालेले बिशपमंडळ, तर दुसरीकडे सुशिक्षित व स्वतंत्र बुद्धीचा प्रापंचिक वर्ग, अशी ही परिस्थिती होती. १८४८ मध्ये सुरू झालेले ‘रॅम्बलर’ हे ह्या दुसऱ्या वर्गाचे मुखपत्र होय. १८५८ मध्ये लोकशिक्षणाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. त्याच्याशी सहकार्य करावयाचे नाही, असा बिशपांचा कल होता. कॅथलिक शाळांना सरकारी अनुदान मिळत असल्यामुळे ह्या निर्णयाचा परिणाम प्रापंचिकांच्या मुलांवर होणार होता, म्हणून एका कॅथलिक शाळातपासनिसाने ‘रॅम्बलर’मधून सहकार्याची बाजू मांडली. त्यावरून उठलेले वादळ शमविण्यासाठी संपादकपद न्यूमन ह्यांच्याकडे आले.

न्यूमन ह्यांनी मे १८५९ च्या अंकात बिशपांचा अधिकार मान्य करून एवढेच सुचविले की, १८५४ मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धान्त घोषित करण्यापूर्वी जर श्रद्धावंतांच्या श्रद्धेची विचारणा झाली होती, तर शाळांसारख्या व्यावहारिक प्रश्नात ती व्हावी अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक आहे. अशा सौम्य वाक्यावर अशॉ येथील अध्यापक जॉन गिलो ह्यांनी आक्षेप घेतला. त्यांचा युक्तिवाद असा की, ज्याला विचारले जाते तो निर्णयाचा वाटेकरी होतो, आणि शिकविणारे चर्च शिकणाऱ्या चर्चवर अवलंबून असल्याचा अर्थ त्यातून निघतो. बर्मिंगहॅमचे बिशप अलाथॉर्न ह्यांनी तर २२ मे रोजी झालेल्या भेटीत प्रापंचिक म्हणजे तरी कोण, असा प्रश्न केला. त्यांच्यावाचून चर्च हास्यास्पद दिसेल, अशा आशयाचे उत्तर आपण दिल्याची नोंद न्यूमन ह्यांनी करून ठेविली आहे. जुलैच्या अंकानंतर त्यांनी संपादकपद सोडावयाचे, हेही त्याच भेटीत ठरले.

जुलैच्या निबंधाचा आरंभ शब्दाच्या समर्थनाने होतो. न्यूमन म्हणतात की, इंग्रजी व्यवहारात हे क्रियापद मत मागण्यापुरते मर्यादित नाही. वस्तुस्थिती पडताळून पाहणे हाही त्याचा अर्थ आहे. वायुभारमापक पाहणारा मनुष्य त्या यंत्राचा अभिप्राय मागत नसतो; आणि वैद्य रोग्याची नाडी पाहतो तेव्हा, रोगी वैद्याला विचारतो त्या अर्थाने तो नाडीला काही विचारीत नाही. तेव्हा श्रद्धावंतांची श्रद्धा पाहणे म्हणजे त्यांचा सल्ला घेणे नव्हे.

हा बचाव चतुर आहे. परंतु मराठीच्या कसोटीवर घासून पाहिल्यास त्याची मर्यादा तत्काळ लक्षात येते. मराठीत वैद्य नाडी ‘पाहतो’ आणि रोगी वैद्याला ‘विचारतो’. वायुभारमापकाला कोणी ‘विचारत’ नाही. जे दोन व्यापार इंग्रजीने एका शब्दात कोंबले, ते मराठीने दोन क्रियापदांत वेगळे ठेविले. ‘विचारणे’ ह्या क्रियापदाला समोर उत्तर देणारी सचेतन व्यक्ती लागते. वाट विचारावी, वडीलधाऱ्यांना विचारावे, देवाला कौल लावून विचारावे. सर्वत्र उत्तराची वाट पाहणे गृहीत आहे. ‘पाहणे’ ह्या क्रियेत तसे काही नाही. न्यूमन ह्यांच्या दोन्ही उपमांचा मराठी अनुवाद केला की श्रद्धावंत हे पाहण्याचे विषय ठरतात, विचारण्याचे उरत नाहीत. टीकाकारांचे समाधान करण्यासाठी न्यूमन ह्यांनी जी किंमत मोजली ती ही.

परंतु निबंध पुढे जातो तसतसा तो ही उपमा स्वतःच मोडीत काढतो. श्रद्धावंतांच्या एकमताचे कार्य न्यूमन ह्यांनी पाच प्रकारांनी सांगितले आहे : ते प्रेषितांच्या शिकवणुकीची साक्ष होय, ती ख्रिस्ताच्या गूढ शरीरात खोल वसणारी एक सहजप्रवृत्ती होय, ती पवित्र आत्म्याची प्रेरणा होय, ते प्रार्थनेला मिळालेले उत्तर होय, आणि प्रमादाविषयीची जागरूक असहिष्णुता होय. यंत्र प्रार्थना करीत नाही, आणि चुकीच्या शिकवणुकीने नाडी संतप्त होत नाही. ह्या पाचांपैकी एकही कार्य अचेतन मापकाला लागू पडत नाही.

इतिहासाचा भाग तर त्याहून प्रखर आहे. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. त्यानंतर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंतच्या सुमारे साठ वर्षांत ह्या सिद्धान्ताचा सांभाळ बिशपांच्या समूहापेक्षा सामान्य श्रद्धावंतांनी अधिक केला, असे न्यूमन ह्यांचे प्रतिपादन आहे. परिषदांमागून परिषदा भरल्या. ३५९ मध्ये रिमिनी येथे जमलेल्या बिशपांनी दडपणाखाली संदिग्ध सूत्रावर सह्या केल्या. अथानेशियस वारंवार हद्दपार झाले. उलट अनेक नगरांतील लोकांनी एरियन बिशपांच्या उपासनेवर बहिष्कार घातला व उघड्या माळावर प्रार्थना केल्या. ह्या काळात शिकविणाऱ्या चर्चचे कार्य जणू काही काळ स्थगित झाले होते, ह्या न्यूमन ह्यांच्या विधानाने विशेष खळबळ उडाली.

ह्या पुराव्यालाही मर्यादा आहेत. न्यूमन ह्यांची बरीचशी साधने विजयी पक्षाच्या इतिहासकारांची आहेत. आणि गॉथ लोकांतील सामान्य श्रद्धावंत पुढे दीर्घकाळ एरियनच राहिले. तेव्हा लोक नेहमी बरोबर आणि बिशप नेहमी चूक, असा निष्कर्ष ह्या इतिहासातून काढणे अप्रस्तुत होईल, आणि न्यूमन ह्यांनी तो काढलेलाही नाही. त्यांच्या पुराव्याने सिद्ध होते ते एवढेच की, श्रद्धावंत हे साक्षीदार आहेत. त्यांच्या पहिल्या प्रकारातच हा शब्द येतो. परंतु उपमेच्या मोहात त्याचा पूर्ण उपयोग झाला नाही. साक्षीदार न्यायाधीश नसतो. म्हणून गिलो ह्यांची भीती निराधार ठरते. पण साक्षीदार यंत्रही नसतो. त्याची साक्ष नाकारता येईल. मात्र ती न ऐकता दिलेला निर्णय हा न्यायच नव्हे. ‘विचारणे’ आणि ‘पाहणे’ ह्यांच्या मधली जी जागा न्यूमन शोधीत होते, ती ‘साक्ष घेणे’ ह्या शब्दप्रयोगात आहे.

निबंधाचे पुढे जे झाले ते त्याच्या विषयाशी विलक्षण सुसंगत आहे. न्यूपोर्टचे बिशप ब्राउन ह्यांनी तो रोमकडे तक्रारीसाठी पाठविला. आक्षेपार्ह भाग कोणते ते कळविल्यास स्पष्टीकरण देण्याची तयारी न्यूमन ह्यांनी जानेवारी १८६० मध्ये कार्डिनल वाइजमन ह्यांना कळविली. रोमने मुद्यांची यादी तयार केली. परंतु ती न्यूमन ह्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्यांनी उत्तर देण्याचे नाकारले असा समज रोममध्ये रूढ झाला, आणि तो १८६७ पर्यंत टिकला. विचारण्याविषयी लिहिणाऱ्यालाच कोणी विचारले नाही. त्याच वर्षी मॉन्सिन्योर टॉल्बट ह्यांनी आर्चबिशप मॅनिंग ह्यांना लिहिलेल्या पत्रात शिकार व पाहुणचार हेच प्रापंचिकांचे क्षेत्र असल्याचे मत नोंदविले.

पुढे शब्द बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक संविधानाने श्रद्धावंतांच्या श्रद्धाबोधाला स्थान दिले. १९८३ च्या धर्मसंहितेच्या २१२ व्या कलमाने आपले मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा अधिकार, प्रसंगी कर्तव्यही, मान्य केले. तथापि त्याच संहितेत पाळकीय मंडळांचे मत केवळ सल्लादायी आहे. उलट असाधारण आर्थिक व्यवहारासाठी बिशपांना वित्तमंडळाची संमती घ्यावी लागते, आणि त्या मंडळावर प्रापंचिक तज्ज्ञ बसू शकतात. पैशाच्या बाबतीत संमती आणि माणसांच्या बाबतीत सल्ला, ही विषमता बोलकी आहे.

ह्या विषमतेचे भीषण रूप बॉस्टन येथे २००२ मध्ये उघड झाले. बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना बिशपांच्या कार्यालयाने एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलविले होते. पीडितांच्या आप्तांनी १९८० च्या दशकातच लेखी इशारे दिल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. येथे सिद्धान्ताचा प्रश्नच नव्हता, मताचाही नव्हता. प्रश्न वस्तुस्थितीचा होता. न्यूमन ह्यांच्या सर्वांत संकुचित अर्थानेही, म्हणजे मापकाचा आकडा पाहण्याइतकेही, प्रापंचिकांकडे पाहिले गेले नाही. त्या वर्षी स्थापन झालेल्या ‘व्हॉइस ऑफ द फेथफुल’ ह्या प्रापंचिक संघटनेला काही बिशपांनी चर्चच्या जागेत सभा घेण्यासही मनाई केली. डिसेंबरमध्ये कार्डिनल लॉ ह्यांना पद सोडावे लागले. ह्या असंतोषाला सत्तेची आकांक्षा म्हणणे हे त्याचे चुकीचे वाचन होय. तो न ऐकल्या गेलेल्या साक्षीदाराचा संताप होता.

न्यूमन ह्यांना २०१९ मध्ये संतपद मिळाले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘चर्चचे आचार्य’ म्हणून ते घोषित झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने ‘केवळ सल्लादायी’ ह्या सूत्राचा फेरविचार व्हावा असे सुचविले आहे. १८५९ चा वाद ज्या शब्दावरून पेटला, त्याच शब्दाशी चर्च परत आले आहे. एखाद्या निबंधाचा सन्मान त्याच्या लेखकाला पदवी देऊन पुरा होत नाही. साक्ष ऐकण्याचे बंधन बिशपांवर कोणत्या नियमाने येईल आणि ते मोडल्यास त्यांना कोण जाब विचारील, हे ठरेपर्यंत न्यूमन ह्यांचा निबंध जुना झाला असे म्हणता येणार नाही.