ग्रंथांचा खप आणि घराची गरज

पुस्तक पुष्कळ खपलें म्हणजे तें चांगलें, असें दुकानदार मानतो. आणि पुष्कळ खपलें म्हणजे तें हलकेंच असलें पाहिजे, असें टीकाकार मानतो. या दोन्ही समजुतींत आळस सारखाच आहे, कारण दोघांनाही पुस्तक उघडून पाहण्याचा त्रास वांचतो. आमच्या मतें खप ही एक साक्ष आहे. आणि ती पुस्तकाविषयीं जितकी असते, त्याहून अधिक तें विकत घेणाऱ्या घराविषयीं असते. ज्या ग्रंथाच्या आवृत्तीमागून आवृत्ति निघत राहते, तो घराची कोणती तरी गरज भागवीत असतो. ती गरज ओळखणें हें टीकाकाराचें काम; आणि ती भागल्यावर पुस्तकांत आणखी काय उरतें, हें पाहणें वाचकमंडळांचें काम.

मराठी कुटुंबांच्या कपाटांत वर्षानुवर्षें आढळणारीं तीन पुस्तकें येथें उदाहरणादाखल घेऊं. तिन्ही निरनिराळ्या प्रकारांचीं आहेत: एक आठवणींचें, एक कादंबरी, आणि एक पाककृतींचें.

'श्यामची आई' साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहून काढली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली, आणि १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिच्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. हें पुस्तक घरोघर गेलें तें पुष्कळदां मुलांना दिलेली भेट म्हणून. वडील माणसांस मुलांना जें सांगावयाचें असतें, पण सांगतांना जीभ अडखळते, तें हें पुस्तक त्यांच्या वतीनें सांगतें. ही गरज खरी आहे, आणि गुरुजींच्या साध्या, ओलाव्याच्या भाषेंत ती भागविण्याचें सामर्थ्यही आहे. परंतु भेट देणाऱ्यांनीं त्यांतून आज्ञाधारकपणाचा धडा तेवढा उचलला. बेचाळीस रात्रींची ही कथा कर्जानें खचत जाणाऱ्या एका कोंकणी घराचीही कथा आहे. सावकाराचा माणूस दारांत येऊन अपमान करतो, गांवांत अब्रू जाते, आणि आईचा मृत्यु या सर्वांच्या शेवटीं येतो. आई सोसते ती स्वभावानें, कीं दुसरा मार्गच उरला नाहीं म्हणून, हा प्रश्न पुस्तकाच्या पानापानांतून उभा राहतो. तो मुलांपुढें ठेवावयास आपण धजत नाहीं. डोळ्यांत पाणी आलें कीं वाचन पुरें झालें, असें आपण समजतों.

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' १९६७ सालीं निघाली. कर्ण, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण अशा सहा मुखांनीं ती सांगितली आहे. योग्यता असून जन्मामुळें मागें सारलेला पुरुष ही कर्णाची व्यथा. पण बढतींत डावलला गेलेला कारकून काय, किंवा घराण्यांतला पहिला पदवीधर काय, प्रत्येकास ती आपलीच वाटते. ज्यास जन्मानें खरोखरच अडविलें त्याला ती आपली वाटली, आणि ज्याच्या वाटेंत जन्म कधींच आडवा आला नाहीं त्यालाही ती तितकीच आपली वाटली! या कादंबरीच्या लोकप्रियतेचें मर्म आम्हांस या सोईंत दिसतें. तिच्या भाषेचा ओघ भव्य आहे, हें कोणीही मान्य करील. मात्र सहाही जण एकाच अलंकृत वाणींत बोलतात. दुर्योधनाचा मत्सर आणि वृषालीचा संसार यांस एकच पोशाख चढविलेला आहे. याहून मोठी उणीव द्रौपदीची. द्यूतसभेंत जिची विटंबना झाली, आणि त्या विटंबनेंत कर्णाच्या शब्दांचा वांटा महाभारतांत स्पष्ट आहे, तिला या कादंबरींत स्वतःच्या तोंडानें बोलावयास एकही खंड नाहीं. एवढा एक प्रश्न ज्या मंडळांत विचारला जाईल, तेथें कर्ण लहान होणार नाहीं. तो देव्हाऱ्यांतून उतरून माणसांत येईल.

तिसरें पुस्तक कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. तें १९७० सालचें. साहित्यचर्चेंत पाककृतींचें नांव घेतल्याबद्दल कोणी नाक मुरडील, तर खुशाल मुरडो. आई किंवा सासू शेजारीं नसतां शहरांतल्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला 'मीठ अंदाजानें' या दोन शब्दांचा काय उपयोग? कमलाबाईंनीं तिच्या हातांत वाटी आणि चमच्याचें माप दिलें. ज्या गद्याचा कस त्याच दिवशीं ताटांत लागतो, त्यास फाजील शब्द परवडत नाहीं; आमच्या कित्येक ललित लेखकांनीं हा गुण येथून शिकण्यासारखा आहे. पण या ताटाबाहेरही महाराष्ट्र जेवतो, किंवा उपाशी राहतो. दया पवार यांचें 'बलुतं' (१९७८) आणि शाहू पाटोळे यांचें 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हीं पुस्तकें 'रुचिरा'च्या शेजारीं ठेवून वाचलीं, तर आपलें स्वयंपाकघर केवढें व त्याची भिंत कोठें, हें दोन्ही एकदम कळून येतें.

येथें कोणी म्हणेल, लोकांना जें रुचतें तेंच ते घेणार. गरज कोणी बाहेरून आणून देत नाहीं. हा आक्षेप वरवर खरा दिसतो, परंतु आपल्याच इतिहासांत त्याचें उत्तर आहे. १९७४ सालीं 'ग्रंथाली' ही वाचक-चळवळ सुरू झाली. तिनें वाचकांसच सभासद करून घेतलें, आणि त्या बळावर 'बलुतं' व पुढें लक्ष्मण माने यांचें 'उपरा' (१९८०) हीं आत्मकथनें प्रसिद्ध केलीं. 'उपरा'स १९८१ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकांची मागणी कोणत्याही मध्यमवर्गीय घरानें अगोदर नोंदविलेली नव्हती. तीं हातांत पडल्यावर आपणांस कसली वाण होती हें त्या घरांस उमगलें. म्हणजे मागणी वाचकांनीं केवळ पुरी करून घ्यावयाची नसते. संघटित वाचक ती निर्माणही करूं शकतात.

आज घरोघरीं, सोसायट्यांत, ग्रंथालयांच्या आश्रयानें वाचकमंडळें भरतात, हें सुचिन्ह आहे. मात्र जें सर्वत्र खपतें तेंच निवडावयाचें, आणि सर्वांनीं त्याची वाहवा करून चहाला उठावयाचें, एवढ्यासाठीं मंडळ कशाला हवें? आईनें मुलीला जें पुस्तक दिलें तेंच मुलीनें नातीला दिलें, यांत स्नेह आहे खरा. परंतु तेवढेंच दिलें, तर आज लिहावयास बसलेल्या मराठी लेखकास वाचक कोठून मिळावयाचा? ज्या भाषेंतील घरें स्वतःला मिळालेल्या भेटीच तेवढ्या पुढें देत राहतात, तेथें नव्या ग्रंथाची पहिली आवृत्ति पडून राहते, आणि दुसरें पुस्तक लिहिण्याची लेखकाची उमेद त्याबरोबर जाते.

म्हणून वाचकांस आमची विनंति मोजकी आहे. मंडळांत गाजलेलें पुस्तक जरूर घ्यावें, पण त्यांत कोणास बोलूं दिलेलें नाहीं हें प्रथम विचारावें. त्याच्या जोडीस त्याच विषयावरचें एक न गाजलेलें पुस्तक वाचावें. आणि मुलास 'श्यामची आई' भेट देतांना तीबरोबर या दशकांत निघालेलें एक तरी नवें मराठी पुस्तक द्यावें. मात्र तें आधीं स्वतः वाचून द्यावें.